सगळे नानालाच सांगायचे

मधुकर सोनवणे, म्हणजे आमचा नाना, नोकरी सोडून मुलीकडे सुरतेला राहायला गेला, तरी आमच्या संघाच्या यावल केंद्रात कॉम्प्युटर अडला की पहिला फोन सुरतेला जातो. मला फोन येतो तो नंतर, आणि तोसुद्धा नानाने मॅडमच्या कानावर घाला असं सांगितलं तरच. केळी पिकवणाऱ्यांच्या या सहकारी संघात संगणक विभागाची प्रमुख मी आहे. जळगावच्या मुख्य कार्यालयात दारावर माझ्या नावाची पाटी आहे. बोंडे मॅडम म्हटलं की चोपड्यापासून पारोळ्यापर्यंतचे कारकून नीट उभे राहतात. पण मशीन बिघडलं की त्यांना आठवतो नाना. जळते मी. अगदी उघड सांगते, जळते.

नाना माझ्या हाताखाली होता, वयाने मात्र मोठा. तोंडावर मी त्याला "अहो नाना" म्हणायची, मनात कधीच नाही. शिक्षण दोघांचं सारखंच, कॉम्प्युटरचीच पदवी. कामात म्हणाल तर मी त्याच्यापेक्षा काकणभर सरस, आणि हे तो स्वतःही कबूल करायचा. आता त्याने ते इतक्या मोकळेपणाने कबूल केल्यामुळे माझा त्यातला आनंदही जायचा, ही गोष्ट वेगळी.

माणूस दिसायला कसा होता? पोट सुटलेलं, केस मात्र दाट, आणि त्या केसांचा कोण अभिमान! कोणाच्याही टेबलाशी गेला की आधी बंद मॉनिटरच्या काळ्या काचेत बघून भांग पाडायचा. वरच्या खिशात बडीशेप सुटी भरलेली. कीबोर्ड उलटा केला की त्यातून बडीशेप पडायची, म्हणजे नाना इथे येऊन गेला हे मला न सांगता कळायचं. वेळेवर येणं नाही. माझे पेनड्राइव्ह न्यायचा ते परत आणणं नाही. बढाई तर अशी की विचारू नका. एखादा साधा प्रिंटर चालू केला तरी संध्याकाळपर्यंत त्याची लढाई झालेली असायची. धुळ्याकडच्या खेड्यातला, त्यामुळे बोलणं अहिराणी. समोर संघाचे अध्यक्ष असोत की झाडूवाली, नानाची भाषा बदलायची नाही.

माझं-त्याचं पहिलं वाजलं ते यावलला.

आमच्याकडे सकाळी केळीचा भाव निघतो. भाव कळेपर्यंत शेतकऱ्याचा जीव थाऱ्यावर नसतो. बागेत घड कापायला माणसं उभी, ट्रक उभा, आणि हा केंद्राच्या खिडकीला चिकटलेला. "निघाला का भाव? निघाला का?" आत बसलेला कारकून बिचारा मेलकडे डोळे लावून बसलेला. अशा वेळी "आजचा भाव" नावाची फाइल आली तर कुठला कारकून थांबून बघणार ती कोणाकडून आली? मुंबई-पुण्याच्या माणसाला बिल म्हणून फसवतात, कुरिअर म्हणून फसवतात. आमच्या माणसाला फसवायला केळीचा भाव पुरतो.

यावलचा कारकून भंगाळे. त्याचं मशीन सकाळपासून धापा टाकत होतं, आणि त्याच्या पत्त्यावरून भलत्यासलत्या मेल लोकांना जात होत्या. मी गेले. विचारलं, "काय उघडलं होतं?"

"मी काहीच केलं नाही मॅडम. आपोआप झालं."

"आपोआप काही होत नसतं, भंगाळे."

"आईशप्पथ मॅडम."

त्याने जी मिठाची गुळणी धरली ती धरली. मी अँटीव्हायरस चालवला, एक चोरटा प्रोग्रॅम सापडला, काढला, मशीन स्वच्छ करून जळगावला परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. तोच प्रोग्रॅम, त्याच जागी, नाकावर टिच्चून हजर. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

त्या दिवशी नाना बरोबर आला. गेल्या गेल्या त्याने इंटरनेटची वायर उपसली. इथपर्यंत ठीक, ते मीही केलं असतं. मग भांग पाडला. मग खुर्ची फिरवून मशीनकडे चक्क पाठ करून बसला आणि भंगाळेला म्हणाला, "जेवना का भाऊ?"

मी घड्याळ बघतेय. ह्यांचं भरीत चाललंय! यावलची वांगी बरी की बामणोदची, भरितात शेंगदाणे आख्खे घालावेत की ठेचून. भंगाळेचा चेहरा जरा सैल पडला. तेव्हा नाना आवाज खाली घेऊन म्हणाला, "मी बी परवा एक फाइल उघाडी टाकं भाऊ. दिवसभर मॅडमपासून लपत फिरनू."

साफ खोटं! नानाने काहीही उघडलेलं नव्हतं. पण भंगाळेच्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हणाला, "नाना, भावाची फाइल होती. खिडकीत पब्लिक ओरडत होतं. मी दोनदा दाबलं, काहीच उघडलं नाही. वाटलं खराब असेल."

झालं. सगळी गाठ तिथेच सुटली. कारण ह्या प्रकारात खरा गुन्हेगार ती पहिली फाइलच असते. तिचं रूप पीडीएफचं, पण नावाच्या शेवटी 'जेएस' अशी शेपटी असते, आणि विंडोज ती शेपटी लपवून ठेवतं. आत साधा मजकूर, मशीनला दिलेल्या आज्ञा. दोनदा दाबलं की डोळ्यांना काही दिसत नाही, माणूस पुढच्या कामाला लागतो, तोवर आज्ञा चालून गेलेल्या असतात. ती फाइल स्वतः चोरी करत नाही. मागचं दार उघडून चोरांना आत बोलावते. खरा माल इंटरनेटवरून मागाहून उतरतो, कधी पासवर्ड चोरणारा, कधी सगळ्या फाइलींना कुलूप ठोकणारा. मी पकडला होता तो उतरलेला चोर. बोलावणारा आतच बसून होता आणि रोज सकाळी नवा चोर बोलवत होता.

फाइल आणि वेळ कळल्यावर पुढचं मी केलं. मी, नानाने नाही! त्या वेळेनंतर मशीनवर काय काय नवं आलं ते मी बघितलं. विंडोजच्या ठरवून दिलेल्या कामांमध्ये प्रिंटरच्या अपडेटचं सोंग घेतलेलं एक काम होतं, रोज सकाळी मशीन चालू झालं की त्या आज्ञा पुन्हा चालवणारं. ते मी उपटलं. तात्पुरत्या फोल्डरमधली फाइल काढली, मग पूर्ण स्कॅन केला, भंगाळेचे सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलले. पुढे सगळ्या केंद्रांवर फिरून फाइलींच्या लपलेल्या शेपट्या उघड्या केल्या. असली फाइल दाबली तर ती चालण्याऐवजी नुसती नोटपॅडमध्ये उघडेल असंही करून ठेवलं. हे सगळं डोकं माझं. आणि यावलमध्ये नाव कोणाचं झालं? "नानांनी बसल्या बसल्या व्हायरस पकडला." बसल्या बसल्या! बसलाच होता तो, दुसरं काय करत होता?

मीही एकदा त्याची रीत करून बघितली. खोटं कशाला बोलू? चोपड्याला गेले, खुर्ची फिरवली, आणि तिथल्या कारकुनाला शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "जेवलात का?" तो ताडकन उभाच राहिला. चेहरा पांढराफटक. "मॅडम, माझं काही चुकलं का? काढता का मला?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी म्हटलं बसा, आणि खुर्ची सरळ केली.

बाहेरचं सोडा. माझ्या घरातली गोष्ट ऐका. एका रविवारी मी बाजारातून घरी आले तर हॉलमध्ये नाना! मांडीवर आमच्या घरचा लॅपटॉप, हातात बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ताटली. शेजारी माझे यजमान शाळेतल्या पोरासारखे बसलेले. सासूबाई आग्रह करकरून नानाला वाढताहेत. मला बघताच सासूबाई बिबड्यांचा डबा घेऊन आत गेल्या.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही," यजमान म्हणाले. "नाना सहज आले होते."

सहज! लॅपटॉपचं वायफाय बंद केलेलं मला दारातूनच दिसत होतं. यजमानांनी विजेचं बिल म्हणून आलेलं काहीतरी उघडलं होतं. घरात ह्या विषयातली तज्ज्ञ बायको असताना ह्या गृहस्थाने गावाच्या दुसऱ्या टोकाहून नानाला बोलावून घेतलं. रात्री मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" तर म्हणाले, "तू आधी बोलतेस, मग दुरुस्त करतेस. नाना आधी दुरुस्त करतो." आणि नंतर बोलतो का, असं मी विचारलं. "नंतर बिबड्या खातो," म्हणाले आणि कूस बदलून झोपले. माझी झोप कुठे गेली देव जाणे.

त्याच्या पुढच्या वर्षी पारोळ्याला मोठा घोटाळा झाला. तिथे कोणीतरी दुसरी शेपटी लावून आलेली असलीच फाइल उघडली आणि दडवली. ना मला सांगितलं, ना नानाला, कारण नाना तेव्हा भाचीच्या लग्नात होता. तोवर चोर सामाईक फोल्डरमधून पसरला आणि शेतकऱ्यांच्या साऱ्या नोंदींना कुलूप बसलं. बॅकअप माझ्याकडे वेगळा काढून ठेवलेला होता म्हणून संघ वाचला. अध्यक्ष आप्पासाहेब भडकले. त्यांच्या सांगण्यावरून मी आदेश तयार केला, की यापुढे ज्याच्या हातून अशी फाइल उघडली जाईल त्याला कामावरून कमी करण्यात येईल.

नाना तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्या दिवशी भांगबिंग काही नाही. म्हणाला, "मॅडम, ह्या कागदनं उघाडणं थांबाव नही. सांगणं थांबी जाई."

मी म्हटलं, "नाना, शिस्त नावाची काही चीज असते."

"ऱ्हास ना," तो म्हणाला, "पण माणूस बी ऱ्हास." शिस्त असते, पण माणूसही असतो, एवढं ऐकवून तो माझ्याच टेबलावरचं पेन खिशाला लावून निघून गेला. आदेश लागला. तो आजही मला चुकीचा वाटत नाही. पण पूर्वी लोक मला निदान खोटं सांगायचे, ते तेव्हापासून बोलेनासेच झाले. नानाला मात्र सांगतच होते! आदेशाला न जुमानता, फोन करून, हळू आवाजात. आणि नाना ते पचवून मला फक्त एवढंच म्हणायचा, "चोपडानं मशीन एकदा दखी ल्या मॅडम, माले बरं वाटत नही." नाव म्हणून कधी सांगायचा नाही. ताकास तूर लागू द्यायचा नाही.

मग त्याची आई आजारी पडली म्हणून त्याने धुळ्याच्या आमच्या कार्यालयात बदली मागून घेतली. मी सही करायला एक क्षण लावला नाही. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. म्हटलं, आता येतील माझ्याकडे. कुठून येतात! जळगावच्या माझ्या खोलीबाहेर, माझ्या भिंतीला टेकून लोक धुळ्याला फोन लावायचे. मला आतून ऐकू यायचं, "नाना, एक घोळ झाला."

आणि मग एके दिवशी धुळ्याचंच मशीन बिघडलं.

सकाळी भाव निघाल्यावर थोड्याच वेळात धुळ्याहून सगळ्या केंद्रांना मेल सुटायला लागल्या. मी ते कार्यालय जळगावहूनच नेटवर्कवरून तोडलं आणि ड्रायव्हरला गाडी काढायला लावून निघाले. वाटेत आप्पासाहेबांचा फोन. "बोंडे मॅडम, ह्या वेळेला मला नाव पाहिजे. कोणीही असो. आदेश तुमचाच आहे." मी हो म्हटलं.

पोचले तर कोणी माझ्याकडे बघेना. वायर आधीच उपसलेली होती. मशीन नानाचं, लॉगिन नानाचं. मशीन नवीनच आलेलं होतं आणि त्यावर माझी ती नोटपॅडची सेटिंग करायची त्याने ठेवून दिली होती, त्याच्या सगळ्या कामांसारखीच. डाउनलोडमध्ये फाइल पडलेली. नाव, "सुधारित भाव". खरा भाव आल्यानंतर लगेच सुधारित भाव म्हणून कोणी काही पाठवलं तर खिडकीतल्या गर्दीसमोर कोण दम धरणार? मला सगळं दिसत होतं. तरी विचारायचं ते विचारलं.

"नाना, काय उघडलं होतं?"

नाना उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी शुद्ध मराठीत बोलला. "मी काहीच उघडलं नाही मॅडम. आपोआप झालं."

खरं सांगू? मनातून मला उकळ्या फुटल्या. ज्याला अख्खा खानदेश खरं सांगतो, तो माझ्यासमोर भंगाळे झाला होता! इतकी वर्षं मी ह्या क्षणाची वाट बघत होते. त्याची आई अंथरुणावर, मुलीचं लग्न ठरत आलेलं, नोकरी गेली तर काय होईल हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं. तेही मला दिसत होतं. तरी उकळ्या फुटायच्या त्या फुटल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातली लिपिक वैशाली उठली. "मॅडम, मी उघडलं."

"तू? मशीन नानाचं आहे."

"नाना चहाला गेले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसले."

ती धडधडीत खोटं बोलत होती. तिच्या स्वतःच्या मशीनवर त्याच वेळी ती पावत्या काढत असल्याची नोंद मी आल्या आल्या बघितली होती. मी काही बोलणार, तर शिपाई सुकलाल पुढे आला. "नाही मॅडम. मी टेबल पुसत होतो. माझाच धक्का लागला माउसला."

"दोनदा लागला?"

"हो. दोनदा."

खिडकीच्या जाळीबाहेर एक म्हातारा शेतकरी टोपी सावरत उभा होता. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसावं. तो जाळीला तोंड लावून ओरडला, "मीच दाबं ताई! ह्या पोरेस्ले काही बोलू नका."

जाळीतून बोट जाईना, आणि म्हणे मीच दाबं! मला हसू यायला हवं होतं. पण मी जळत होते. नोकरी जाईल हे माहीत असून ही माणसं रांगेने उभी राहत होती. नाना मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून उभा. मला वाटलं, उद्या माझ्या हातून अशी फाइल उघडली गेली तर ह्या सबंध संघात माझ्यासाठी एक तरी माणूस खोटं बोलेल का? घरात तरी बोलेल का?

आणि नेमका आप्पासाहेबांचा फोन आला. सगळे माझ्याकडे बघत होते. आप्पासाहेबांचा आवाज मोठा, फोन कानाला असला तरी खोलीभर ऐकू येतो.

"सापडला का माणूस?"

मी म्हटलं, "सापडला साहेब."

"कोण?"

का म्हणून माझ्या तोंडून ते गेलं, मला आजही नीट सांगता येत नाही. दया म्हणाल तर ती नव्हती. सगळ्यांनी भाग घेतलेल्या खेळात मला एकटीलाच बाहेर ठेवल्याचा राग होता तो. म्हटलं, मी काय घोडं मारलंय?

"मीच," मी म्हणाले. "जळगावहून मशीन तपासताना माझ्याच हातून उघडली गेली."

नानाने मान वर केली. डोळे भरलेले, तोंड उघडलेलं, आणि ते इतके जपलेले केस घामाने कपाळाला चिकटलेले. तो एक पाऊल पुढे आला. "मॅडम," एवढंच म्हणाला. पुढे मुलीचं लग्न झालं आणि तो सुरतेला गेला, पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलेला नाना तो असा.

तेवढ्यात जाळीपलीकडून म्हातारा पुन्हा ओरडला, आता फोनच्या दिशेने. "ओ साहेब, ती बाई खोटं बोली ऱ्हायनी! मीच दाबं!"

आप्पासाहेबांना हसू आलं की काय कोण जाणे, त्यांनी फोन ठेवला. पुढे त्या आदेशाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

मशीन साफ करून मी निघाले तेव्हा म्हातारा अजून जाळीशीच उभा होता. मी गाडीत बसले, त्याला हात केला, त्यानेही केला. माझ्यासाठी ओरडलात की नानासाठी, हे विचारायला मी काच खालीसुद्धा केली होती. पण तो माणूस खरं सांगून मोकळा झाला असता. मी काच वर केली आणि ड्रायव्हरला म्हटलं, चला.